हिरवी वायर किती जाड?

घरासाठी जनरेटर घ्यायचा ठरला की चौकशीचा सगळा जोर केव्हीएवर असतो. दोन एसी चालतील का, विहिरीची मोटर उचलेल का, आवाज किती, डिझेल ताशी किती पिणार. मग केबल, चेंजओव्हर, ठेवायला ओटा. अर्थिंगच्या वायरीची पाळी अगदी शेवटी येते आणि तिचा निकाल बहुधा दुकानातच लागतो: ‘अर्थला काय, दीड एमएम खूप झालं. तिच्यातून कुठे करंट जातो?’

सगळं ठीक असताना हिरव्या वायरीतून करंट जात नाही, हे खरंच आहे. पण तिची जाडी सगळं ठीक असतानाच्या हिशेबाने ठरवायची नसते. फेजचं इन्सुलेशन सोलून ती गीझरच्या किंवा मोटरच्या बॉडीला चिकटते, त्या क्षणापासून एमसीबी पडेपर्यंतच्या काळात त्या वायरीतून जे वाहतं, त्यावर तिची जाडी ठरते. म्हणजे दोन गोष्टी माहीत हव्यात: किती अँपिअर आणि किती वेळ. जनरेटरच्या बाबतीत या दोन्हींची उत्तरं महावितरणच्या लाइनपेक्षा वेगळी येतात.

आधी एक समजूत दूर करायला हवी. करंट ‘जमिनीत जिरतो’ असं आपण सर्रास म्हणतो. करंट जमिनीत जिरत नाही. तो ज्या वाइंडिंगमधून निघाला तिथेच परत जातो. जमीन ही वाटेतली एक जागा, तीही खडबडीत. जनरेटरचा करंट जनरेटरच्या न्यूट्रलकडेच परतणार. त्याला परतायला तांब्याची किंवा लोखंडाची सलग वाट मिळाली तर तो भरपूर वाहतो आणि एमसीबी पाडण्याची शक्यता तरी निर्माण होते. वाट मातीतून असेल तर काय होतं ते आकड्यांत पाहू.

बऱ्याच बंगल्यांत जनरेटरसाठी ‘स्वतंत्र अर्थिंग’ केलेलं असतं आणि ते मोठ्या अभिमानाने दाखवलं जातं. घराचा खड्डा घराच्या एका बाजूला, जनरेटरचा दुसऱ्या बाजूला, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. दोन्ही खड्डे चांगले भरले आहेत, प्रत्येकाचा रोध ५ ओहम आहे असं धरू. आता घरात फेज बॉडीला लागली. करंट घराच्या खड्ड्यातून मातीत, मातीतून जनरेटरच्या खड्ड्यात आणि तिथून न्यूट्रलला जाणार. एकूण १० ओहम, २३० व्होल्ट, म्हणजे २३ अँपिअर. ५० अँपिअरच्या एमसीबीला हा साधा लोड वाटतो. ती पडणार नाही. आणि दोन खड्ड्यांत व्होल्टेज निम्मं निम्मं वाटलं जात असल्याने घरातल्या प्रत्येक अर्थ केलेल्या वस्तूची बॉडी ११५ व्होल्टवर जाऊन बसेल: फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळं. या घरात तुम्ही मनगटाएवढी जाड अर्थ वायर ओढलीत तरी २३ चे २४ अँपिअर होणार नाहीत. म्हणून जाडीच्या आधी वाट बघायची. जनरेटरचा खड्डा आणि घराचा खड्डा धातूच्या जोडणीने एकमेकांना बांधलेले हवेत आणि जनरेटरचा न्यूट्रल त्याच अर्थला जोडलेला हवा. ‘स्वतंत्र’ हा शब्द इथे कौतुकाचा नाही.

आता जाडी. आयएस ३०४३ हे अर्थिंगचं भारतीय मानक. १९८७ ची आवृत्ती अनेक वर्षं चालली, २०१८ मध्ये ती सुधारली. त्यातल्या तक्त्याचा सोपा नियम फेजच्या वायरीवरून निघतो आणि फेज व अर्थ एकाच धातूचे असतील तेव्हा लागू होतो. फेज १६ चौ. मिमी.पर्यंत असेल तर अर्थ तेवढीच. १६ ते ३५ मध्ये असेल तर अर्थ १६. त्यापुढे फेजच्या निम्मी. घरगुती जनरेटरचं काम बहुतेक पहिल्या ओळीतच संपतं. १० केव्हीएचा सिंगल फेज संच पूर्ण लोडवर साधारण ४३ अँपिअर देतो. त्याला १० चौ. मिमी. तांब्याची केबल टाकली तर अर्थही १० चौ. मिमी. एवढंच हवं असेल तर लेख इथे थांबवून वायर आणायला निघायला हरकत नाही.

पण हा नियम कशावर उभा आहे हे पाहिलं की जनरेटरचा स्वभाव कळतो. मूळ सूत्र असं: दोषाच्या करंटला वेळेच्या वर्गमुळाने गुणा आणि k नावाच्या स्थिरांकाने भागा, येतं ते किमान क्षेत्रफळ. वेगळी ओढलेली पीव्हीसी इन्सुलेशनची तांब्याची वायर असेल तर k म्हणजे १४३. या आकड्यात एक गृहीत दडलेलं आहे: वायर ३० अंशांवरून १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापू द्यायची, त्यापुढे पीव्हीसी टिकत नाही. सूत्र असंही धरतं की एवढ्या थोड्या वेळात उष्णता बाहेर जातच नाही, सगळी तांब्यातच साठते. पाच सेकंदांपर्यंत हे धरणं रास्त आहे. त्याहून जास्त वेळ असेल तर थोडी उष्णता बाहेर जाते आणि सूत्र गरजेपेक्षा जाड वायर सांगतं, म्हणजे चूक झाली तरी ती सुरक्षित बाजूला होते.

मोठ्या सोसायटीत स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि अर्थची वाट तिथपर्यंत धातूची असते. तिथे दोषाचा करंट दीड हजार अँपिअर धरला आणि एमसीबी ०.१ सेकंदात पडली, तर सूत्र सांगतं ३.३ चौ. मिमी. करंट प्रचंड, पण वेळ नगण्य.

जनरेटरचं गणित उलटं आहे. ट्रान्सफॉर्मरच्या मागे अख्खं ग्रिड उभं असतं. जनरेटरच्या मागे एक डिझेल इंजिन आणि एक लहानसा अल्टरनेटर. त्या अल्टरनेटरचा स्वतःचाच अंतर्गत अडथळा इतका असतो की १० केव्हीएच्या संचातून शॉर्ट झाल्या झाल्या पूर्ण लोडच्या सात-आठ पट, म्हणजे ३०० ते ३५० अँपिअर निघाले तर निघाले. तेही काही आवर्तनांपुरते. मग करंट झपाट्याने खाली येतो. एक्सायटेशनला वेगळा आधार असलेले संच तो तिप्पट, म्हणजे १३० अँपिअरच्या आसपास टिकवून धरतात. ज्यांचा व्होल्टेज रेग्युलेटर स्वतःच्याच आउटपुटवर जगतो त्यांचं शॉर्टमध्ये व्होल्टेज कोसळतं आणि करंटही कोसळतो.

५० अँपिअरची सी वर्गाची एमसीबी झटक्यात पडायला तिच्या पाच ते दहा पट, म्हणजे २५० ते ५०० अँपिअर लागतात. जनरेटरचा पहिला झटका या पट्ट्याच्या मधोमध येतो. एमसीबी पडेलही, नाहीही. नाही पडली, तर पुढचे १३० अँपिअर तिच्यासाठी निव्वळ ओव्हरलोड. तो ती आतल्या तापणाऱ्या पट्टीने ओळखते, आणि मानकाप्रमाणे ३२ अँपिअरपेक्षा मोठ्या एमसीबीला २.५५ पट करंटवर पडायला एक सेकंदापासून दोन मिनिटांपर्यंत कितीही वेळ घेण्याची मुभा आहे. आपले १३० म्हणजे २.६ पट, जवळपास तेच.

या १३० अँपिअरवर वेगवेगळ्या वायरी किती वेळ तग धरतात? त्याच सूत्रातून वेळ काढायचा. दुकानदाराची दीड एमएम पावणेतीन सेकंदांत १६० अंशांना पोचते. अडीच एमएम साडेसात सेकंद काढते. चार एमएम वीसेक सेकंद. आणि दोन मिनिटांसाठी सूत्र विचारलं तर उत्तर येतं ९.९६ चौ. मिमी. तक्त्याने नुसत्या फेजकडे बघून सांगितलेले १०, आणि एमसीबीच्या अगदी वाईट वागण्यावरून काढलेले ९.९६. आकडे इतके जुळणं हा या उदाहरणापुरता योगायोग आहे. पण तक्ता उगाच जाड वायर सांगत नाही, आणि ‘जनरेटर लहान, म्हणून अर्थ बारीक चालेल’ हा तर्क फसवा आहे, हे त्यातून दिसतं. जनरेटर लहान म्हणजे एमसीबी पडायला वेळ जास्त, आणि वायरीला तेवढा वेळ तापत राहावं लागतं.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. अर्थ जाड केली म्हणून एमसीबी लवकर पडेल का? नाही. वाटेतला मोठा अडथळा वायरीचा नाहीच, तो अल्टरनेटरच्या पोटात आहे. ३० मीटर लांब १० चौ. मिमी. तांब्याचा रोध ०.०५ ओहम, अल्टरनेटरचा सुरुवातीचा अडथळा सहा दशांश ओहमच्या घरात आणि पुढे वाढत जाणारा. दहाची सोळा केली तर वायर जास्त टिकेल, पण वीज तुटायला लागणारा वेळ तोच राहील. माणसाला वाचवायचं असेल तर हा वेळ सेकंदाच्या अंशात हवा, आणि ते काम आरसीसीबीचं, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचचं. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी तेवढ्या गळतीला ०.३ सेकंदाच्या आत पडते, पाचपट गळतीला ०.०४ सेकंदात. तिला शेकडो अँपिअर लागत नाहीत, त्यामुळे जनरेटर अशक्त असल्याने तिचं काही अडत नाही.

खरं तर महाराष्ट्रातल्या बहुतेक स्वतंत्र घरांत आरसीसीबी महावितरणच्या लाइनवरही तितकीच गरजेची आहे, कारण तिथे दोषाची वाट आपल्या खड्ड्यातून डीपीच्या खड्ड्यापर्यंत मातीतून जाते. आपले ५ ओहम, डीपीचा १ धरला, तर ३८ अँपिअर. एमसीबी ढिम्म, आणि बॉडीवर १९० व्होल्ट. तेच घर जनरेटरवर असताना, सगळं नीट बांधलेलं असेल तर, हिरव्या वायरीतून याच्या कित्येक पट करंट वाहू शकतो. म्हणजे अशा घरात अर्थ वायरीची खरी परीक्षा लाइट गेल्यावर होते.

आरसीसीबीची एक अट आहे, आणि बहुतेक ठिकाणी काम तिथेच बिघडलेलं असतं. गळालेला करंट जनरेटरच्या न्यूट्रलकडे परतू शकला तरच तिला गळती कळते. लहान पेट्रोल जनरेटर बऱ्याचदा न्यूट्रल मोकळा ठेवून येतात. त्यांची दोन्ही टोकं बॉडीपासून सुटी असतात. ओळखायची जुनी खूण म्हणजे दोन्ही वायरींना टेस्टर मंद पेटतो. एका टेबलफॅनसाठी, एका बल्बसाठी हे चालून जातं, कारण एका वायरीला हात लागला तरी करंटला परतीची वाट नसते. पण हाच जनरेटर घराच्या वायरिंगला जोडला की पहिला दोष मुकाट्याने पोटात राहतो. काही पडत नाही, काही कळत नाही. मग कधीतरी दुसऱ्या वायरीवर दुसरा दोष होतो, आणि दोन वस्तूंच्या बॉडींमध्ये पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतात. म्हणून घराला कायमच्या जोडलेल्या संचाचा न्यूट्रल संचापाशीच, आरसीसीबीच्या अलीकडे अर्थला बांधायचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे विनियमही, आधीचे २०१० चे आणि आताचे २०२३ चे, जनरेटरच्या न्यूट्रलला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या मागतात.

न्यूट्रल बांधला की चेंजओव्हर न्यूट्रलसकट तोडणारा हवा: सिंगल फेजला दोन पोल, थ्री फेजला चार. न्यूट्रल कायम जोडलेला ठेवून फक्त फेज बदलणारा स्विच स्वस्त पडतो, पण मग लाइनचा न्यूट्रल आणि जनरेटरचा न्यूट्रल एकच होतात, न्यूट्रलचा करंट अर्थमधूनही वाट काढतो आणि आरसीसीबी विनाकारण पडत राहते. वैतागून कोणीतरी ती काढून टाकतो. चेंजओव्हरच न बसवता जनरेटरची वायर सॉकेटमध्ये उलटी खुपसण्याचा जो प्रकार चालतो त्याबद्दल एकच सांगतो: ती वीज मीटरमधून बाहेर जाते, डीपीचा ट्रान्सफॉर्मर तिचे उलटे ११ हजार व्होल्ट करतो, आणि खांबावर लाइन बंद आहे असं समजून चढलेला वायरमन त्यात मरतो.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत वीज गेली ती दिवसेंदिवस गेली, आणि घरामागे गॅसवर चालणारा संच बसवणं तिथे नवलाचं राहिलेलं नाही. तिथलं नॅशनल इलेक्ट्रिकल कोड अर्थची जाडी फेजवरून नव्हे, ब्रेकरवरून काढायला सांगतं, तक्ता २५०.१२२. घरगुती २२ किलोवॅटच्या संचाला १०० अँपिअरचा ब्रेकर असतो, त्याला तांब्याची ८ गेजची अर्थ पुरते, म्हणजे ८.४ चौ. मिमी. फेज ३ गेजची, सुमारे २७ चौ. मिमी. आपल्या तक्त्याने तिथे १६ मागितले असते. आपला तक्ता फेजकडे बघून सगळ्या शक्यता एकदम झाकतो, त्यांचा ब्रेकरच्या आकड्याला चिकटून राहतो. पण लांब अंतरासाठी फेज जाड केली तर त्याच प्रमाणात अर्थही जाड करा असं तेही बजावतात. तिथे घरगुती ट्रान्सफर स्विच बहुधा न्यूट्रल तोडत नाही, त्यामुळे संचाचा न्यूट्रल त्याच्या बॉडीपासून सुटा ठेवतात आणि अर्थशी गाठ फक्त मुख्य पॅनेलपाशी असते. आपल्या बरोबर उलट, आणि तेही बरोबर, कारण दोन्हीकडे गाठ एकाच जागी आहे. मला त्या कोडातलं सगळ्यात बोलकं कलम मात्र दुसरं वाटतं: जमिनीत ठोकलेल्या रॉडकडे जाणारी वायर, घराची सर्व्हिस कितीही मोठी असो, ६ गेजपेक्षा, म्हणजे १३ चौ. मिमी.पेक्षा जाड लागत नाही. मातीला त्याहून जास्त करंट घेताच येत नाही, मग तांबं कशाला वाढवायचं?

आपल्याकडे रॉडऐवजी खड्डा, आणि खड्ड्याकडे जाणारी बहुधा ८ नंबर जीआय वायर किंवा २५ × ३ ची जीआय पट्टी. ८ नंबर वायरीचा व्यास चार मिलिमीटरच्या किंचित वर, क्षेत्रफळ १३ चौ. मिमी. दहा तांब्याऐवजी तेरा लोखंड, झालं की काम, असं वाटतं. उघड्या वायरीसाठी तांब्याचा k २०५, लोखंडाचा ८०. त्या हिशेबाने तेरा लोखंड म्हणजे पाच तांबं. आणि लोखंडाचा रोध आठपट असल्याने त्या दृष्टीने तर दीडच. जनरेटर ते मुख्य बोर्ड एवढ्या वाटेवर म्हणून तांबंच वापरावं. खड्ड्याकडे जाणाऱ्या तुकड्यावर पट्टी ठीक, तिचं क्षेत्रफळ ७५ आहे. तिथे शत्रू करंट नसून गंज असतो. गंजापासून संरक्षण नसेल तर जमिनीतल्या तांब्याला किमान २५ आणि लोखंडाला ५० चौ. मिमी. धरतात ते त्यासाठीच.

जोडणीबद्दल दोन गोष्टी, कारण कागदावरचे १० चौ. मिमी. इथेच वाया जातात. संचाच्या बॉडीलाही दोन स्वतंत्र अर्थ लागतात; एक सुटली तर दुसरी राहावी म्हणून. आणि संच थरथरतो. कडक पट्टी थेट बेसफ्रेमला आवळली तर काही महिन्यांत नट सैल होतो किंवा पट्टी भोकापाशी चिरते. शेवटचा हातभर तुकडा बारीक तारांच्या लवचिक तांब्याचा, नीट दाबलेल्या लगसकट हवा, आणि लगखालचा पावडर कोटिंगचा रंग खरवडून धातू उघडा केलेला हवा. वर छान हिरवी वायर, चकचकीत बोल्ट, आणि दोघांच्या मध्ये अखंड रंगाचा थर: कॅनोपीवर हे फार वेळा दिसतं.

काम झाल्यावर वायरमन आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून दाखवतो, ती टपकन पडते आणि सगळ्यांचं समाधान होतं. पण ते बटण स्विचच्या आतच फेज आणि न्यूट्रलमध्ये एक रोध जोडतं; त्याचा अर्थ वायरीशी काही संबंध नसतो. अर्थ तुटलेली असो, जनरेटरचा न्यूट्रल मोकळा असो, बटणाने आरसीसीबी पडणारच. खरी चाचणी लाइन बंद करून, संच चालू ठेवून, स्वयंपाकघरातल्या किंवा बाथरूमच्या थ्री पिन सॉकेटमध्ये आरसीसीबी टेस्टर लावून करायची. तो फेज आणि अर्थ यांमध्ये मोजून गळती सोडतो आणि किती मिलिसेकंदांत स्विच पडला ते दाखवतो. जनरेटरवर स्विच पडला नाही आणि महावितरणवर पडला, तर जाडी मोजत बसू नका. संचाच्या टर्मिनल बॉक्सचं झाकण उघडायला सांगा आणि न्यूट्रलपासून बॉडीपर्यंतची जोडणी आहे का ते पाहा.